आईच्या चालीने सिंगापूर

पहिला दिवस, मंगळवार

आईचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरतात. तिला घेऊन कुठेही निघायचं म्हटलं की माझे तीन प्रश्न ठरलेले असतात : पायऱ्या किती, बसायला जागा आहे का, आणि शौचालय किती लांब. सिंगापूरला माझ्या आतेबहिणीची मुलगी राहते. तिला फोनवर हे तिन्ही प्रश्न विचारले, तर ती एवढंच म्हणाली, "मावशी, तू आजीला घेऊन ये गं, बाकीचं मी बघते." आईचं वय ७४. तिचा हा पहिलाच परदेश.

दुपारी चारच्या सुमारास चांगी विमानतळावर उतरलो. पायाखाली गालिचा असल्यामुळे शेकडो माणसं चालत असूनही पावलांचा आवाज येत नव्हता. आई शौचालयातून बाहेर आली ती जरा विचारात. "अगं, आतली फरशी कोरडी आहे," ती म्हणाली. ओल्या फरशीवर पाय सरकण्याची तिला कायम धास्ती. नवीन जागी गेली की ती आधी खाली बघते, मग वर. कोरडी फरशी ही तिच्या लेखी सगळ्यात मोठी सोय. दाराशी भिंतीवर एक छोटा पडदा लावलेला होता. त्यावर एका बाईचा फोटो, तिचं नाव आणि खाली हसऱ्यापासून नाराजापर्यंत चेहऱ्यांची रांग. "हे काय आहे?" आईने विचारलं. सामान यायचं होतं, मी "नंतर सांगते" म्हणत तिला पुढे काढलं.

भाची घ्यायला आली होती. तिने टॅक्सीकडे नेण्याआधी ज्युएल दाखवलं. २०१९ मध्ये उघडलेली ही काचेची घुमटाकार इमारत. तिच्या छताच्या मधोमध भोक ठेवलंय आणि तिथून ४० मीटर उंचीवरून पाणी खाली कोसळतं. भोवती मजल्यामजल्यांवर झाडं. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. मला धबधब्यापेक्षा तिच्या मागचं बाक जास्त आवडलं, कारण ते बरोबर तिथेच होतं जिथे ते हवं होतं.

विमानतळावरून निघालेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्षांच्या छत्र्या पसरलेल्या. ही सावली आपोआप उगवलेली नाही. पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६३ मध्ये स्वतः झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली, आणि १९६७ मध्ये 'उद्याननगरी' हे सरकारी धोरणच झालं. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला विमानतळ ते शहर या पहिल्या अर्ध्या तासातच कळावं की इथे कामं नीट होतात, असा त्यामागे सरळ हिशोब होता. मी तीच पाहुणी होते, आणि मला कळलं.

भाचीचं घर आंग मो किओमध्ये, एचडीबीच्या जुन्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. एचडीबी म्हणजे तिथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ, १९६० मध्ये स्थापन झालेलं. देशातले जवळपास ८० टक्के रहिवासी याच मंडळाच्या घरांत राहतात. लिफ्ट थेट सातव्या मजल्यावर थांबली. भाची म्हणाली, आधी असं नव्हतं. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायच्या, मधल्या मजल्यांवरच्या लोकांनी एखाद-दोन जिने चढायचे किंवा उतरायचे. लोक म्हातारे होत गेले तशी ही सोय पुरेना. मग २००१ पासून जुन्या इमारतींना नव्या लिफ्ट, नवे थांबे जोडण्याचं काम सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. याच लिफ्टमध्ये लोक लघवी करायचे म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्यात लघवी ओळखणारी यंत्रं बसवली होती. यंत्राला चाहूल लागली की लिफ्ट अडायची, दारं बंद आणि घंटा सुरू. आईला हे खरं वाटेना. मला मात्र हे ऐकून बरं वाटलं. हे शहर जन्मतःच शहाणं नव्हतं तर.

दुसरा दिवस, बुधवार

आंग मो किओ स्टेशन जमिनीपासून उंचावर आहे. तिथून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, निघालो. १९८७ मध्ये ही गाडी सुरू झाली, आणि जमिनीखालच्या फलाटांवर तेव्हापासूनच काचेची दारं आहेत. फलाटावर दाराच्या दोन्ही बाजूंना तिरके बाण रंगवलेले असतात. चढणारे त्या बाणांवर कडेला उभे राहतात, मधली वाट उतरणाऱ्यांची. आई माझा हात घट्ट धरून तयारीत उभी होती, गाडी आली की घुसायचं म्हणून. दार उघडलं, लोक उतरले, मग चढणारे चढले, आणि एक शाळकरी मुलगा काही न बोलता उठून उभा राहिला. आईने माझा हात सोडला. हाताची ती सुटलेली पकड मला आठवडाभर आठवत राहिली.

डब्यात पाट्या होत्या : खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड, सिगारेट ओढली तर १०००, ज्वालाग्राही वस्तू आणली तर ५०००. शेवटी ड्युरियन या फळाचं चित्र, त्यावर आडवी रेघ, पण दंडाचा आकडा नाही. त्या फळाचा वास इतका उग्र की बंद डब्यात कुणी आणूच नये, एवढंच सांगणं. सूचना चार भाषांत होतात : इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ.

सिंगापूरचं नाव निघालं की लोक आधी दंडाबद्दल बोलतात. च्युइंगम विकायला बंदी आहे, खरंच आहे, १९९२ पासून. तिचं कारण फारसं कुणी सांगत नाही. लोक चघळलेला गम एमआरटीच्या दारांच्या सेन्सरवर चिकटवायचे, दारं लागायची नाहीत आणि अख्खी गाडी अडून राहायची. कारण कळलं की नियम निराळा दिसतो.

ऑर्चर्डला गाडी बदलून मॅक्सवेलला उतरलो. समोरच सिटी गॅलरी, प्रवेश मोफत. आत शहराच्या मध्यभागाची भलीमोठी प्रतिकृती मांडली आहे. हातभर उंचीच्या शेकडो पांढऱ्या इमारती, नदी, खाडी, पूल. अजून न बांधलेल्या इमारतीसुद्धा त्यात आहेत. १९६५ मध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची जमीन सुमारे ५८० चौरस किलोमीटर होती. समुद्रात भराव घालून आज ती ७३० च्या वर गेली आहे. विमानतळ, धरणं, लष्कराची जागा, घरं, कारखाने, स्मशानं, सगळं याच एवढ्याशा जागेत बसवायचं. पन्नास वर्षांनंतर कुठे काय असेल याचा आराखडा इथे आज मांडून ठेवतात, तो हौस म्हणून नाही. चुकलं तर दुसरी जागा शोधायला सोय नाही. प्रतिकृतीच्या कडेला उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की ही शिस्त मुळात टंचाईतून आलेली आहे.

जेवायला रस्त्यापलीकडच्या मॅक्सवेल हॉकर सेंटरमध्ये गेलो. वर मोठं छप्पर, खाली रांगेने छोटे गाळे, मधे प्लास्टिकच्या खुर्च्या-टेबलं. पूर्वी हे सगळे विक्रेते रस्त्यावर बसायचे, उष्टं-खरकटं गटारात जायचं. त्यांना हुसकावून लावण्याऐवजी सरकारने परवाने दिले आणि १९७१ ते १९८६ या काळात नळ, सांडपाण्याची सोय आणि कचऱ्याची व्यवस्था असलेली केंद्रं बांधून त्यांना तिथे बसवलं. २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती वारसा म्हणून नोंदवली. टेबलांवर अधूनमधून टिश्यूच्या छोट्या पुड्या ठेवलेल्या दिसल्या. आईला वाटलं कुणी विसरलंय. भाचीने थांबवलं, "आजी, ती जागा धरलेली आहे." माणूस पदार्थ आणायला गेलेला असतो आणि ती पुडी त्याच्या वतीने बसलेली असते.

आईने शेंगदाण्याच्या गोड, गरम सारात सोडलेले तांदळाच्या पिठाचे गोळे घेतले. गोळा चमच्याने फोडला की आतून काळ्या तिळाचं सारण ओघळतं. तीन गोळ्यांनंतर तिने ऊन सारही वाटी उचलून प्यायलं.

इथे २०२१ पासून खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा असा नियम आहे. ट्रे ठेवायचे कप्पे दोन : एक हलाल, एक बाकीच्यांचा. आई ट्रे घेऊन तिकडे निघाली, तेवढ्यात एक सफाईवाली म्हातारी पुढे आली आणि तिच्या हातातून ट्रे घेऊ लागली. किडकिडीत बांधा, हातात रबरी मोजे, कमरेला फडकं. आई ट्रे सोडेना. दोघींची ओढाओढ पाहून मी जवळ गेले. म्हातारीने हसून आईकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. आईला कळलं. तिने ट्रे टेबलावर टेकवला, आधी सात बोटं दाखवली, मग चार. म्हातारीने एक मोजा काढला, सात बोटं दाखवली आणि मग दोन. नंतर ती आईच्या गुडघ्याकडे पाहून स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून हसली. तिचाही दुखत होता.

इथे हॉटेलात, स्टेशनात, केंद्रांत टेबलं पुसणारी माणसं बरेचदा सत्तरीच्या आसपासची असतात. त्यांना 'आंटी' आणि 'अंकल' म्हणतात. भाची म्हणाली, कुणाला घरी रिकामं बसवत नाही म्हणून काम करतात, कुणाला पैशाची गरजच असते. सफाई कामगारांच्या पगाराची पायरी कायद्याने ठरवली गेली तीही उशिराच, २०१४ मध्ये. आई संध्याकाळभर गप्प होती. झोपताना म्हणाली, "तिला कुणी बस म्हणतं का गं मधे?"

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी अकराला आभाळ काळं झालं. इथे पाऊस पडतो तो बादली उपडी केल्यासारखा. आम्ही घरातून निघून स्टेशनकडे चाललो होतो. पण इमारतीपासून स्टेशनपर्यंत पायवाटेवर छप्पर आहे, सलग, रस्ता ओलांडायची जागा सोडली तर. आईची साडीची निरीसुद्धा भिजली नाही. ती थांबून बाजूचं गटार पाहत होती. कंबरभर खोल, सिमेंटचं, आत एक पानही अडकलेलं नाही. पाणी तपकिरी रंगाने उसळत धावत होतं. पाऊण तासाने पाऊस थांबला, आणि दहा मिनिटांत रस्त्यावर डबकं उरलं नव्हतं.

"एवढं पाणी जातं कुठे?" आईने विचारलं. त्या दिवसाचा बेत मग तिच्या प्रश्नानेच ठरला.

आधी नदी. 'बोट की' या धक्क्यापासून 'क्लार्क की' या धक्क्यापर्यंत लाकडी बोटीतून फेरा मारला. जुनी दुमजली गोदामं रंगवून उभी आहेत, पाणी हिरवट पण स्वच्छ, वास अजिबात नाही. १९७७ मध्ये ली क्वान यू यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की दहा वर्षांत या नदीत मासे दिसले पाहिजेत. तेव्हा तिच्यात डुकरांच्या आणि बदकांच्या गोठ्यांची घाण, झोपडवस्तीचं सांडपाणी, विक्रेत्यांचा कचरा, मालवाहू होड्यांचं तेल असं सगळं येत होतं. पाणी उपसून ते साफ होणार नव्हतं, म्हणून घाण जिथून निघते तिथे हात घातला. गोठे हलवले, कुटुंबांना एचडीबीची घरं दिली, विक्रेत्यांना केंद्रं, आणि १९८३ मध्ये होड्या पासिर पांजांगच्या किनाऱ्याकडे पाठवल्या. मग तळाचा गाळ काढला. १९८७ पर्यंत काम झालं. यात काहींचं पिढीजात पोट तुटलं, हेही खरं. होडीवाल्यांच्या नदीवर आता पर्यटक बसतात. पण ज्याला उठवलं त्याला कुठेतरी बसवलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. नुसता बुलडोझर फिरवून नदी साफ होत नाही, घाण चार मैल पुढे सरकते.

मग टॅक्सीने मरीना बॅराज. खाडीच्या तोंडावर बांधलेलं ३५० मीटर लांबीचं हे धरण २००८ मध्ये झालं. त्याच्या आत अडवलेलं पाणी गोडं, बाहेर समुद्र. देशाच्या जमिनीपैकी सहाव्या हिश्शावर पडणारा पाऊस याच जलाशयात येतो. म्हणजे शहराच्या मध्यवस्तीतला पाऊस, रस्त्यांवरचा, छतांवरचा, गटारांतून वाहत इथे येऊन थांबतो आणि शुद्ध होऊन नळाला जातो. भरपूर पाऊस आणि समुद्राला ओहोटी असेल तेव्हा नऊ दरवाजे पाणी बाहेर सोडतात. भरती असेल तेव्हा सात मोठे पंप ते पाणी समुद्रात ढकलतात.

मी आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे रस्त्यावर थुंकलं तर ते आपल्याच पेल्यात," ती म्हणाली. सिंगापूरच्या गटारात पान का अडकत नाही, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठे मिळालं नाही. इथे पिण्याच्या पाण्याचे चार मार्ग आहेत : हे जलाशय, शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्यातून नळाने येणारं पाणी, समुद्राचं गोडं केलेलं पाणी, आणि २००३ पासून वापरात आलेलं न्यूवॉटर, म्हणजे सांडपाणीच पुन्हा शुद्ध करून घेतलेलं. जोहोरशी १९६२ मध्ये झालेला पाण्याचा करार २०६१ मध्ये संपतो. ज्या देशाला पाणी उसनं घ्यावं लागतं तो गटारसुद्धा जपतो.

बॅराजच्या छतावर हिरवळ आहे. तिथे पोरं पतंग उडवत होती. छतावर जायला उतार आहे, पायऱ्या नाहीत. आई एकटी चढून गेली.

चौथा दिवस, शुक्रवार

पायांना विश्रांती. संध्याकाळी फक्त बोटॅनिक गार्डन्स. १८५९ ची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा, प्रवेशाला पैसे नाहीत. टेंबुसूचं एक जुनं झाड आहे, त्याची एक जाड फांदी जमिनीलगत आडवी गेलेली आणि टोकाला वर वळलेली. भाचीने पर्समधून पाच डॉलरची नोट काढून उलटी केली. नोटेवर तेच झाड, तीच फांदी. आईने नोट डोळ्यांजवळ धरली, झाडाकडे पाहिलं, परत नोटेकडे पाहिलं.

पाचवा दिवस, शनिवार

कुठलंही ठिकाण बघायचं नाही, वस्तीतच फिरायचं, असं आईने ठरवलं. मला वाटतं हा आमचा सगळ्यात चांगला दिवस.

पावणेसातला खाली उतरलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. इमारतीचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब आणि सिमेंटची टेबलं-बाकं. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. मलय लग्नाचा मांडव तिथेच पडतो आणि चिनी कुटुंबं मृताचं अंत्यदर्शनही तिथेच ठेवतात. दोन म्हातारे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत होते. बाहेर एक तरुण कामगार रात्रीत पडलेली पानं झाडत होता. मी त्याला बघत उभी राहिले. तो झाडाच्या बुंध्यापासून बाहेर झाडत येत होता, गटाराच्या जाळीवर ढीग करत नव्हता. जाळीपासून हातभर अलीकडे थांबून तो पानं सुपल्यात भरत होता. पाऊस आला तर जाळी बुजू नये म्हणून. हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार आणि तो ते रोज पाळतो, कुणी बघत नसताना.

भाचीच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक लोखंडी झाकण आहे. ते उघडून पिशवी टाकली की सात मजले खाली धडधडत जाते. खालच्या डब्यातून ती रोज उचलतात, मग ती जाळून राख करतात. वीजही होते. कचऱ्याचं आकारमान एक दशांशावर येतं आणि ती राख बोटीने सेमाकाऊ नावाच्या बेटाकडे नेतात. १९९९ पासून देशात कचरा टाकायची तेवढी एकच जागा उरली आहे. समुद्रातच दगडी बांध घालून केलेली. साधारण २०३५ पर्यंत तीही भरेल. झाकण बंद झालं की कचरा संपला असं वाटतं, हीच त्या झाकणाची अडचण आहे. भाची स्वतःच म्हणाली, आम्ही वर्गीकरण फारसं करत नाही, सगळं त्या नळीतच जातं. इतक्या व्यवस्थित शहराची ही बाजू मला खटकली, आणि तिने ती न लपवता सांगितली हे आवडलं.

रस्त्याच्या कोपऱ्यावर डेंगीचा फलक लावला होता, आसपास किती रुग्ण आहेत ते सांगणारा. कुंडीतलं पाणी ओता, बादली उपडी ठेवा. सरकारी माणसं घरात येऊन साचलेल्या पाण्यात अळ्या आहेत का बघतात आणि सापडल्या तर दंड करतात.

सिग्नलला उभ्या होतो. रस्ता रुंद, सहा पदरी. हिरवा माणूस लागला की खाली सेकंद उलटे मोजले जातात. आईला हे आकडे नकोसे होतात, आपण मधेच अडकू असं वाटतं तिला. शेजारी काठी टेकत एक चिनी आजोबा आले. त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि खांबावरच्या डबीला टेकवलं. दिवा लागला. हिरवा माणूस आला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. ज्येष्ठांच्या सवलत कार्डाची ही सोय २००९ पासून आहे, म्हाताऱ्या पायांना रस्ता ओलांडायला काही सेकंद जास्त. आजोबा पुढे, आम्ही मागे. आई पलीकडे पोचली तेव्हा अजून चार सेकंद उरले होते. तिने वळून ते चार, तीन, दोन, एक असे पूर्ण संपेपर्यंत पाहिले.

दुपारनंतर बिशान-आंग मो किओ पार्क. इथे कालांग नदी सिमेंटच्या सरळ नाल्यातून वाहायची. २०१२ पर्यंत तो नाला फोडून काढला आणि २.७ किलोमीटरच्या सरळ पट्टीची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. काठाला गवत, दगड, पाण्यात बगळे. जोराचा पाऊस आला की काठाचा भागही पाण्याखाली जातो, म्हणून इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे लावले आहेत. पाणमांजरं दिसतील म्हणून तासभर बसलो. दिसली नाहीत. एक छोटी मुलगी पाण्यात पाय सोडून बसली होती. आईने चपला काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

सहावा दिवस, रविवार

लिटल इंडिया. सेरंगून रोडवर वीरमाकाळीअम्मनचं देऊळ, फुलांचे हार, टेक्का सेंटरमध्ये खाली भाजी-मासळी आणि शेजारी डोशांचे गाळे. पण रविवारी इथे बघण्याजोगी गोष्ट निराळीच असते. शेकडो, हजारो पुरुष. तमिळनाडूचे, बांगलादेशचे. हिरवळीवर गटागटाने बसलेले, फोनवर घरी बोलणारे, पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगेत उभे. इमारती बांधणारे, गटारं साफ करणारे, गवत कापणारे हेच. आठवड्याची सुट्टी म्हणून ते इथे येतात.

टेक्कात आमच्या टेबलाशी एक बांगलादेशी मुलगा बसला. थोडं हिंदी बोलत होता. त्याच्या डाव्या तळहातावर पांढरे, जुने फोड होते. गवत कापायच्या यंत्राने होतात म्हणाला. शहराबाहेरच्या वसतिगृहात राहतो, एका खोलीत बारा जण. पहाटे पाचला लॉरीच्या मागच्या भागात बसून कामावर जातात. माणसांना असं लॉरीतून न्यावं का, यावर या देशात बरीच वर्षं वाद चाललाय आणि अजून ती पद्धत बंद झालेली नाही. २०२० मध्ये करोना आला तेव्हा इथे सर्वाधिक लागण याच वसतिगृहांत झाली होती. आठवडाभर मी ज्या व्यवस्थेवर खूश होते, तिच्यात या मुलाच्या बसण्याच्या जागेचा विचार उशिरा झाला, किंवा झालाच नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. नाहीतर आधीचं सगळं खोटं पडेल.

आईने त्याला विचारलं, घरी कोण आहे. आई आणि दोन बहिणी. तिने आपल्या ताटातला न उष्टावलेला वडा त्याच्या ताटात ठेवला. खाऊन झाल्यावर तो उठला आणि आमचेही ट्रे उचलून घेऊन गेला. आई 'नको नको' म्हणेपर्यंत तो कप्प्यापाशी पोचला होता.

सातवा दिवस, सोमवार

दुपारचं विमान. भाचीला कामावर जायचं होतं, तिने दारातच निरोप घेतला आणि आईला वाकून नमस्कार केला. विमानतळावर वेळेच्या बरंच आधी पोचलो.

आत गेल्यावर आई शौचालयापाशी थांबली. भिंतीवर तोच छोटा पडदा, पण फोटो दुसऱ्या बाईचा. "आता सांग," ती म्हणाली. मी सांगितलं : ही जागा स्वच्छ ठेवणाऱ्या बाईचा हा फोटो. जागा कशी वाटली ते चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायचं. नाराजीचा चेहरा दाबला तर काय नाही आवडलं ते विचारतात, आणि लगेच कुणीतरी येऊन बघतं.

आई आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावले. कोपऱ्यात फोटोतलीच बाई फरशी पुसत होती आणि आई भिंतीला टेकून तिचं पुसणं बघत उभी होती. फरशी वाळली, मग आई हळूहळू चालत बाहेर आली. पडद्यापुढे उभी राहिली, चष्मा वर सरकवून बाईचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं, आणि सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पडदा काही क्षण तसाच होता. "लागलं का गं?" तिने विचारलं आणि पुन्हा एकदा, जरा जोरात दाबलं.